ढग आले की धडधड : निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराचं प्रकरण

निफाड तालुक्यातले ४४ वर्षांचे द्राक्ष बागायतदार. तीन एकर बाग, सगळी थॉमसन जातीच्या द्राक्षांची. घरात आई, पत्नी, बारावीतला मुलगा आणि आठवीतली मुलगी. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीत बाग झोडपली गेली. सोसायटीचं कर्ज होतंच, त्यावर घरातलं सोनं गहाण पडलं आणि कृषी सेवा केंद्राची उधारी पुढच्या हंगामावर ढकलली गेली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उरकली. दहा-बारा दिवसांनी, बाग पोंग्यात, म्हणजे डोळे फुटण्याच्या अवस्थेत असताना, रात्री अचानक छातीत धडधडायला लागलं, हातपाय गार पडले, दरदरून घाम फुटला. ‘आता मी जातो’ असं त्यांना वाटलं. भावाने रात्रीच तालुक्याच्या गावी नेलं. ईसीजी नॉर्मल आला. पुढच्या आठवड्यात हाच प्रकार पुन्हा झाला, तेव्हा ते आमच्याकडे आले. आमच्याकडे म्हणजे एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, जिथे मी समुपदेशक म्हणून बसते.

ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत आणि एकसारख्या दोन-तीन हकिगती इथे एकत्र केल्या आहेत. लेखात त्यांना भाऊ म्हणते, प्रत्यक्षातही तसंच म्हणत होते.

पहिल्या भेटीत भाऊंनी एकच तक्रार तीनदा केली: ‘‘ताई, जो भेटतो तो म्हणतो टेन्शन घेऊ नका. मी काय घ्यायला गेलोय का?’’ त्यांचं म्हणणं रास्त होतं. चिंतेवरचे बरेचसे सल्ले असं धरून चालतात की भीती मनाची आहे, बाहेर काही नाही. इथे बाहेर ढग होते. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ आणि कूज, मणी भरताना झाला तर मणी तडकणार, आणि मधल्या काळात कधीही डाऊनी हा बुरशीजन्य रोग. भाऊंची भीती खोटी ठरवून आम्हाला एक पाऊलही पुढे जाता आलं नसतं. प्रश्न एवढाच होता की खऱ्या धोक्यासाठी अंग चोवीस तास जागं ठेवायची गरज आहे का, आणि नसेल तर दिवसातला कोणता वेळ काळजीला द्यायचा.

आधी तपासणी

धडधड आणि घाम दिसला की लगेच चिंतेचं लेबल लावायचं नाही, हा आमच्या डॉक्टरांचा शिरस्ता. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ हे सगळं झालं. बागायतदार म्हटल्यावर आणखी एक चौकशी आलीच: कोणती औषधं मारता आणि मारताना अंगावर काय असतं? ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक शरीरात गेलं तर घाम, मळमळ, कंप, अस्वस्थपणा दिसतो आणि वरवर पाहता तो चिंतेचा झटका वाटू शकतो. लाळ सुटणं आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं या खुणा वेगळेपण दाखवतात, रक्तातल्या कोलिनएस्टरेज या एन्झाइमची तपासणीही करता येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामुळे आमच्या भागात हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भाऊ तोंडाला रुमाल बांधून फवारणीचा ब्लोअर चालवत होते. विषबाधेची खूण नव्हती, बी-१२ कमी होतं, बाकी सगळं ठीक. बी-१२ सुरू झालं, मास्क आणि हातमोजे आले, फवारणीनंतर आंघोळ करूनच जेवायचं ठरलं.

दुसरा न टाळता विचारायचा प्रश्न मी विचारला: जीव नकोसा होतो का? ‘‘मरायचं नाही ताई, पण कधी कधी वाटतं सगळं टाकून कुठंतरी निघून जावं.’’ असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवं खूळ भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. तरीही फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप लावून किल्ली पत्नीकडे द्यायची, हे त्याच दिवशी ठरलं. वहिनी सोबत आल्या होत्या. त्यांनी काही न बोलता मान हलवली.

जीएडी-७ ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली २००६ पासून जगभर वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत काय त्रास झाला, त्याला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. भाऊंचे १६ आले.

एका दिवसाचा हिशोब

मी त्यांना चिंता लिहून आणायला सांगितली नाही, फक्त एक अख्खा दिवस घड्याळासकट लिहून आणायला सांगितला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

पहाटे अडीचला जाग. उशाजवळचा मोबाइल. तीन हवामान अ‍ॅप, तिघांचे तीन अंदाज, म्हणून पुन्हा पहिलं अ‍ॅप. मग व्हॉट्सअ‍ॅपचे सात ग्रुप, त्यातला एक सांगलीकडचा. तिकडच्या कुणाच्या तरी बागेतल्या कुजलेल्या घडाचा फोटो, तो मोठा करून बघणं. चारला चहा आणि मळलेली तंबाखू. पाचला बॅटरी घेऊन बागेत, पानं उलटी करून बघणं. दिवसभरात चहा ‘मोजला नाही, नऊ-दहा असतील’. दुपारी कृषी सेवा केंद्रात बसणं, तिथे प्रत्येक जण वेगळं औषध सांगणार. संध्याकाळी सल्लागाराला फोन, रात्री तोच प्रश्न दुसऱ्या सल्लागाराला. जेवण दहाला. आठवड्यातून तीन-चार रात्री ‘झोपेसाठी’ क्वार्टर.

या कागदात उपचाराची जवळपास सगळी सामग्री होती. अ‍ॅप उघडलं की पाच मिनिटं बरं वाटतं, आणि त्या पाच मिनिटांच्या बऱ्या वाटण्यामुळेच हात पुन्हा मोबाइलकडे जातो. मेंदू शिकतो की बघितलं म्हणून निभावलं. न बघताही निभावलं असतं, हे शिकायची त्याला संधीच मिळत नाही. दोन सल्लागारांना एकच प्रश्न विचारणं हाही त्याचाच प्रकार. त्यात चहा. कॅफिनचं शरीरातलं निम्मं प्रमाण उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातच्या चहातलं निम्मं कॅफिन मध्यरात्रीही अंगात असतं. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते आणि जाग धडधडीसकट येते. त्यांची अडीचची जाग काही अंशी त्या क्वार्टरची होती. हे ऐकून भाऊ मोठ्याने हसले. पहिल्यांदाच.

मोजलेला श्वास आणि म्हटलेला अभंग

धडधड झाली की काय करायचं, हे आधी हवं होतं. झटक्याची माहिती दिली: ही लाट काही मिनिटांत, साधारण दहाएक मिनिटांच्या आत शिखराला जाते आणि मग उतरते. ईसीजी आणि तपासण्या झालेल्या आहेत, त्यामुळे तिला अंगावरून जाऊ द्यायला हरकत नाही. सोबत संथ श्वास शिकवला. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. पुढच्या भेटीत भाऊ म्हणाले, ‘‘मोजायला लागलो की जास्तच गुदमरतं. लक्ष सगळं छातीवर जातं.’’ असं अनेकांचं होतं. सतत छातीकडे कान लावून बसलेल्या माणसाला पुन्हा छातीकडेच बघायला लावण्यात काही हशील नसतं.

बोलता बोलता कळलं की गारपिटीच्या आधी ते रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठाला जायचे. माळकरी नव्हेत, पण टाळ बरा वाजवतात. गारपिटीनंतर बंद केलं. लोक विचारतात, किती गेलं, भरपाई आली का, उत्तर द्यायचा कंटाळा. मी श्वासाचा व्यायाम तिथेच सोडून दिला आणि हरिपाठ लिहून दिला. चिठ्ठीवर, वेळेसकट.

यात भाविकपणाचा भाग त्यांचा. माझ्या दृष्टीने कारण शरीराचं आहे. ओळ म्हणताना श्वास लांबलचक बाहेर जातो, ध्रुवपद समोरचे म्हणतात तेवढ्यात आत घेतला जातो, आणि मोजायला कुणी सांगत नाही. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना किंवा योगमंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसतो, असं त्यात आढळलं. गट लहान होता, फक्त २३ निरोगी माणसांचा, म्हणून त्यावर मनोरे रचू नयेत. पण भाऊंना मोजलेला श्वास जमला नाही आणि म्हटलेला अभंग जमला, हे खरं. ब्लोअर चालवतानाही ते गुणगुणायला लागले, मास्कच्या आत.

फवारणीच्या वहीची मागची पानं

काळजीला दिवसातली एक ठरावीक वेळ देण्याची पद्धत थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. दिवसभरात काळजी आली की तिला त्या वेळेवर ढकलायचं, आणि त्या वेळी मात्र मनसोक्त काळजी करायची. भाऊंसाठी संध्याकाळी सहा ते सव्वासहा ठरलं, हरिपाठाच्या आधी. वही वेगळी नको म्हणाले, फवारणीच्या नोंदवहीची मागची पानं घेतली. तीन रकाने: काय होईल, ते कधी कळेल, तोवर काय करायचं.

मधला रकाना आम्ही आमच्या गरजेपुरता घातला आणि तोच कामी आला. एक नोंद अशी होती: ‘डाऊनी येईल. चार-पाच दिवसांत पानावर तेलकट डाग दिसेल. सकाळी आठला चार ओळी तपासायच्या.’ म्हणजे पहाटे पाचला बॅटरी मारून बघण्यात फायदा शून्य, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. दुसरी: ‘व्यापारी पैसे बुडवेल. मार्चमध्ये कळेल. तोवर काही नाही, आधी इसार घ्यायचा.’ ज्या गोष्टीचा निकाल मार्चमध्ये, तिच्यासाठी ऑक्टोबरात जागरण कशाला, असं मी म्हटलं नाही. वाचून दाखवताना तेच थांबले.

तरी रोज ही वही भरली गेली असं नाही. फुलोऱ्याच्या धामधुमीत पंधरा दिवस कोरी आहे.

मोबाइलचं गणित सोपं होतं, पाळणं अवघड. हवामान दिवसातून दोनदा, सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला. आधार एकच, हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज. त्याला जोड मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्याची. सल्लागार एकच. ग्रुप सातवरून दोनवर, तेही म्यूट. रात्री मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर. पहिल्या रात्री ते दोनदा उठून फळीपर्यंत गेले, हे वहिनींनी सांगितलं.

चहा एकदम तोडायचा नाही. कॅफिन एकाएकी बंद केलं की डोकं धरतं, आणि डोकं धरलं की माणूस पुन्हा चहाच घेतो. आठवड्याला दोन कप कमी करत चारवर आले, दुपारी तीननंतर नाही. गावात चहाला नाही म्हटलं तर समोरच्याला राग येतो, म्हणून ‘डॉक्टरांनी बंद केलाय’ हे वाक्य दिलं. ते चालतं. तंबाखूला तेव्हा हात लावला नाही. निकोटिनही हृदयाचे ठोके वाढवतं हे सांगून ठेवलं, पण सगळं एकाच वेळी सोडायला लावलं की माणूस आपल्यालाच सोडून जातो. क्वार्टर मात्र थांबवायला सांगितली. प्रमाण रोजचं नव्हतं, म्हणून ती घरच्या घरी थांबवता आली. रोज भरपूर पिणाऱ्याने अशी अचानक बंद करू नये, त्यात धोका असतो, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी.

झोपेची मात्र पुस्तकी पथ्यं इथे आपटली. रोज एकाच वेळी झोपा, असं पुस्तक सांगतं. शेतीची लाईट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रपाळीची लाईट असली की पाणी द्यायला उठावंच लागतं, त्यात निफाडात बिबट्याचं भय, आणि ते भय कुठल्याही प्रश्नावलीत आजार म्हणून मोजता येणार नाही. म्हणून झोपायची वेळ सोडून उठायची वेळ तेवढी पक्की केली, सकाळी साडेपाच. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी अर्धा तास आडवं होणं, त्याहून जास्त नाही. लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर बसला. माझ्या मते त्यावर झालेला खर्च हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी औषधोपचार. जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत राहायचं नाही, ओटीवर जाऊन बसायचं, झोप आली की परत. ही रीत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितली, आणि निद्रानाशावरच्या बिनऔषधी उपायांत ती आजही पुढे आहे.

व्यायाम करा असं शेतकऱ्याला सांगायचं म्हणजे धाडसच. पण कागद पाहिला तर भाऊ ब्लोअरवर नाहीतर मोटारसायकलवर होते, पायी फारच कमी. बागेतलं चालणं म्हणजे पानं तपासणं, ते चालणं नव्हे, पहारा. म्हणून बागेकडे पाठ करून चालायचं, कालव्याच्या रस्त्याने, अर्धा तास, मुलीला घेऊन. मुलीने शाळेतल्या गोष्टी सांगायच्या आणि द्राक्षाचं नाव काढायचं नाही, असा तिचाच नियम.

आईंनीही आपला उपाय काढला. रात्री तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासणं. मला त्याच्या औषधी गुणाबद्दल काही दावा करायचा नाही. पण पंधरा मिनिटं मोबाइलशिवाय, डोळे मिटून, आईच्या हाताखाली पडून राहणं कुणाला वाईट असणार? त्याउलट कुणीतरी दिलेली अश्वगंधाची पावडर मी डॉक्टरांना दाखवली आणि ती बंद झाली. अश्वगंधाने थायरॉइडच्या पातळीत फरक पडू शकतो, क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. झाडाचं आहे म्हणून निर्धोक आहे असं होत नाही, हे औषध फवारणाऱ्या माणसाला पटायला वेळ लागला नाही. ओळखीच्या मेडिकलमधून आणलेल्या झोपेच्या चार गोळ्याही त्याच दिवशी परत गेल्या.

सर्वांत जड गेला पैशाचा हिशोब. एकूण देणं किती, हे वहिनींना माहीत नव्हतं. सोनं गहाण आहे एवढंच माहीत. दोघांना समोरासमोर बसवून एका कागदावर सगळं मांडलं: सोसायटी, सोनेतारण, उधारी, मुलाची पुढची फी, आणि जमेच्या बाजूला फळपीक विम्याची पावती. आकडा भाऊंच्या मनात होता त्यापेक्षा कमी निघाला. अंधारात बेरीज नेहमी फुगते. उधारीचे हप्ते मागायला वहिनी स्वतः दुकानात गेल्या आणि मिळवून आल्या.

डिसेंबर

चार आठवड्यांनी जीएडी-७ चे गुण ११ होते. त्यानंतर नोव्हेंबरच्या शेवटी फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इकडे आभाळ भरून राहिलं. भाऊंची सगळी शिस्त तीन दिवसांत मोडली. मोबाइल फळीवरून उशाशी आला, पहाटेची बॅटरी सुरू झाली, एक झटकाही येऊन गेला. गुण १३.

त्या भेटीत काही नवं शिकवलं नाही. वही काढून फक्त पाहिलं की ढगाळ दिवसांत करण्यासारखं नक्की काय होतं आणि त्यातलं किती केलं. करण्यासारख्या चार गोष्टी होत्या, चारही झाल्या होत्या. फवारणीचं अंतर कमी केलं होतं, पाणी तोडलं होतं, दाट पानं विरळ केली होती, सल्लागाराशी एकदा बोलले होते. रात्रीच्या तीस वेळा मोबाइल बघण्याने त्यात पाचवी गोष्ट जोडली गेली नव्हती. झटका आला तेव्हा ते दवाखान्यात धावले नाहीत, ओटीवर बसून राहिले आणि तो उतरला. याची नोंद मी ठळक केली.

मनोविकारतज्ज्ञांकडे कधी पाठवायचं हेही त्याच वेळी ठरलं: जानेवारीच्या मध्यापर्यंत गुण १० च्या खाली आले नाहीत, झटके वाढले, किंवा जगण्याचाच वैताग आला तर. गोळ्या घेणं म्हणजे हरणं, असं भाऊंना वाटायचं. डाऊनी दिसल्यावर नुसती पानं काढत बसता का, एवढंच मी विचारलं. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फळीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवला. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सेवा मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

पाठवायची वेळ आली नाही. जानेवारीत गुण ८, फेब्रुवारीअखेर ६. बी-१२ भरून निघाल्याचा वाटा यात किती आणि नीट आलेल्या हंगामाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. आभाळ पुन्हा कोसळलं असतं तर आकडे काय आले असते, त्याची हमी मी देणार नाही. प्लास्टिकचं आच्छादन, वेळेवर मिळणारा विमा आणि दिवसा मिळणारी लाईट यांची जागा समुपदेशनाने भरून निघत नाही, आणि तसा आव कुणी आणू नये.

मार्चमध्ये काढणी झाली. इसार आधी घेतला होता, उरलेले पैसे दोन हप्त्यांत आले. सोनं निम्मं सुटलं. तंबाखू चालू आहे, पुढचं काम तेच. पुढची भेट येत्या ऑक्टोबर छाटणीच्या आठ दिवस आधी ठेवली आहे.

शेवटच्या भेटीत मी वहिनींकडूनही जीएडी-७ भरून घेतली. किल्ली, मोबाइल, उधारीचे हप्ते, नवऱ्याची झोप, हे सगळं पाच महिने त्यांच्याकडे होतं. गुण आले १२. त्यांच्या नावाची वेगळी फाइल उघडली आहे. मंगळवारी येतात, एकट्या, एसटीने.